दगड हलला नाही, मग आकडा का हलला? उपग्रह रिसीव्हरचं सॉफ्टवेअर उघडून बघताना

गेल्या दसऱ्याच्या सुमाराची गोष्ट. कोल्हापूरच्या करवीर तालुक्यातल्या आमच्या गावी बांधाची मोजणी होती. खाजगी मोजणीवाला रोव्हर घेऊन आला. रोव्हर म्हणजे उपग्रहांचे संकेत पकडून जागा काढणारं यंत्र: माणसापेक्षा उंच काठी, तिच्या टोकाला जाडजूड भाकरीएवढी चकती आणि हाताशी मोबाइलसारखा पडदा. आंब्याच्या झाडाजवळ रोवलेल्या जुन्या दगडावर त्यानं काठी टेकवली, आकडा नोंदवला आणि गेला. पंधरा दिवसांनी शेजारच्या भाऊबंदांनी दुसरा मोजणीवाला आणला. दगड तोच, यंत्र त्याच जातीचं, आणि आकड्यात दीड हाताचा फरक.

थोरले काका मला म्हणाले, "दगड तर जागचा हललेला न्हाई. मग हललं काय? तू कॉम्प्युटरमधला हाईस, सांग बघू."

मला तेव्हा सांगता आलं नाही. उत्तर सापडायला चार महिने गेले. ते सापडलं कारण असल्या यंत्राच्या पोटात जो हिशोब चालतो, तोच हिशोब करणारी सॉफ्टवेअर जगात कुणीतरी उघडी करून ठेवली आहेत. कुणीही ती वाचावीत, चालवावीत, दुरुस्त करावीत.

प्रश्न एकट्या आमच्या बांधाचा नाही. सरकारी मोजणीतही आता रोव्हर आला आहे. प्रवासी गाड्यांत जागा सांगणारी यंत्रं बसली आहेत. २०२३ मध्ये पश्चिम आशियावरून जाणाऱ्या प्रवासी विमानांना खोट्या उपग्रह-संकेतांनी चकवल्याच्या बातम्या येऊ लागल्या आणि त्याच नोव्हेंबरात आपल्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला त्याबद्दल सूचना काढाव्या लागल्या. एवढं सगळं ज्या आकड्यावर चालतं, तो आकडा येतो कुठून?

उपग्रहाला तुमचा पत्ता नसतो

बऱ्याच जणांची समजूत अशी असते की वरून उपग्रह आपल्याला बघतो आणि आपण कुठं आहोत ते खाली कळवतो. तसं नाही. उपग्रह फक्त बोलतो, ऐकत नाही. अमेरिकेच्या जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि प्रत्येक जण सतत एवढंच सांगत असतो: मी अमुक उपग्रह, माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत, आणि माझी कक्षा अशी अशी आहे. तुम्ही बिंदू चौकात आहात की पन्हाळ्यावर, त्याला ठाऊक नसतं.

जागा काढतो तो खालचा रिसीव्हर, म्हणजे संकेत पकडणारं यंत्र, हिशोब करून. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत आपण सेकंद मोजतो आणि तीन सेकंदाला एक किलोमीटर धरून वीज किती लांब पडली ते सांगतो. अगदी तोच प्रकार, फक्त आवाजाच्या जागी रेडिओ लहर, म्हणजे प्रकाशाचा वेग. उपग्रहाचं बोलणं आपल्यापर्यंत यायला ६७ ते ८६ मिलिसेकंद लागतात. मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग. इथं सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची, म्हणजे एका मायक्रोसेकंदाची, चूक झाली तरी अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो.

म्हणून उपग्रहांवर अणुघड्याळं असतात. त्यांची काळजी इतकी घ्यावी लागते की वेगामुळं आणि उंचीवरच्या कमी गुरुत्वाकर्षणामुळं ती घड्याळं दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढं धावतात, तेवढंही आधीच वजा करून ठेवलेलं असतं. केलं नसतं तर दिवसाला ११ किलोमीटरच्या हिशोबानं चूक साठत गेली असती.

घड्याळाचा पासंग

वरची घड्याळं चोख आहेत, पण खालचं? रोव्हरमध्ये किंवा मोबाइलमध्ये अणुघड्याळ बसवणं परवडणारं नाही. तिथं असतो क्वार्ट्झचा साधा स्फटिक, आणि तो चुकतो.

इथं आठवडी बाजारातला तराजू आठवा. तराजूला पासंग असला, तर प्रत्येक वजनात तेवढाच फरक येतो. बटाटे घ्या, कांदे घ्या, फरक तोच. रिसीव्हरच्या घड्याळाची चूकही अशीच असते: एका क्षणी सगळ्या उपग्रहांच्या अंतरात ती सारखीच मिसळलेली असते. जागेसाठी तीन आकडे हवेत, म्हणजे अक्षांश, रेखांश आणि उंची. चौथा अज्ञात आकडा हा पासंग. चार अज्ञात काढायला चार समीकरणं लागतात, म्हणून किमान चार उपग्रह दिसावे लागतात. जास्त दिसले तर उत्तम, कारण मग एखादा खोटं बोलत असेल तर बाकीच्यांच्या साक्षीवरून पकडता येतो.

गोंगाटातून हलगीचा ठेका

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. उपग्रहाचा संकेत जमिनीवर पोहोचतो तेव्हा तो किती क्षीण असतो? एका वॉटचे एक कोटी भाग करा, त्यातल्या एका भागाचे पुन्हा शंभर कोटी भाग करा. त्यातला जेमतेम दीड भाग आपल्या वाट्याला येतो. अँटेनात आणि यंत्रात आपोआप उठणारी खरखर याच्या पन्नासेक पट मोठी असते. म्हणजे संकेत खरखरीच्या वर दिसतच नाही, तिच्याखाली गाडलेला असतो. मग ऐकायचा कसा?

गणपती विसर्जनाच्या रात्री महाद्वार रोडवर उभे राहा. चारी बाजूंनी आवाज. त्यात कुठंतरी लांब एक हलगीवाला आहे. कान देऊन ती हलगी ऐकू येणार नाही. पण समजा त्याचा ठेका तुम्हाला आधीपासून पाठ आहे आणि तो तोच ठेका न थकता पुन्हा पुन्हा वाजवतोय. मग तुम्ही तोच ठेका मांडीवर धरा आणि थोडा थोडा मागंपुढं सरकवत राहा. एका क्षणी दोन्ही ठेके जुळतील. गोंगाटाला ठेका नसतो, त्यामुळं त्याच्या थापा एकमेकींना खाऊन टाकतात. तुमच्या ठेक्याशी जुळणाऱ्या थापा मात्र एकावर एक चढत जातात आणि हलगी उमटते.

जीपीएसचा प्रत्येक उपग्रह असाच स्वतःचा ठेका वाजवतो: १०२३ थापांचा, सेकंदाला हजार वेळा, आणि सगळे एकाच पट्टीत, १५७५.४२ मेगाहर्ट्झवर. ठेके असे निवडलेत की एकाचा दुसऱ्याशी जवळजवळ मेळ बसत नाही, त्यामुळं एकाच वेळी वाजूनही वेगळे ओळखता येतात. शिवाय ठेका जुळवायला तो किती सरकवावा लागला, तेच उशिराचं मोजमाप. ओळख पटवणं आणि अंतर मोजणं एकाच झटक्यात होतं. ज्यांनी ही योजना आखली त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. जीपीएसचा पहिला उपग्रह १९७८ मध्ये गेला आणि ही मूळ योजना आजही आपल्या खिशातल्या मोबाइलमध्ये चालू आहे.

एक अडचण उरते. गाडी जवळ येताना हॉर्न बारीक ऐकू येतो आणि लांब जाताना जाड. उपग्रहही जवळ येत, लांब जात असतात. त्यामुळं त्यांची पट्टी पाचेक हजार हर्ट्झपर्यंत इकडंतिकडं सरकते. रिसीव्हरला ठेकाही सरकवून बघायचा आणि पट्टीही. एका उपग्रहासाठी चाळीसेक हजार जोड्या तपासाव्या लागतात.

ठेका सापडला की तो सोडायचा नाही, बरोबर चालत राहायचं. मग त्या ठेक्यावर उलटसुलट करून लिहिलेला मजकूर वाचायचा: घड्याळ आणि कक्षा. तो सेकंदाला फक्त ५० बिटांच्या गतीनं येतो, त्यामुळं कक्षेची पूर्ण माहिती मिळायला अर्धा मिनिट जातो. नेट बंद असताना मोबाइल जागा दाखवायला वेळ लावतो तो बऱ्याचदा यामुळंच. नेट असलं की तो हा मजकूर तिकडून उचलतो.

गच्चीवरचा प्रयोग

हे सगळं काम पूर्वी खास चिपच्या आत व्हायचं. आता कॉम्प्युटर इतके वेगवान झालेत की तो हिशोब साध्या प्रोग्रॅमनं करता येतो. चिपच्या जागी सॉफ्टवेअर. त्यालाच सॉफ्टवेअर रिसीव्हर म्हणतात.

मी राजारामपुरीतल्या आमच्या गच्चीवर तो करून पाहिला. साहित्य थोडंच लागलं. टीव्ही बघण्यासाठी कॉम्प्युटरला लावायचा एक डोंगल. यातल्या काही डोंगलमधून रेडिओ लहरींचे कच्चे आकडे थेट मिळतात हे २०१२ च्या सुमारास लोकांच्या ध्यानात आलं आणि हौशी मंडळींना मोठंच दालन उघडलं. एक जीपीएसची चुंबकवाली अँटेना, ती तेलाच्या डब्याच्या पत्र्यावर चिकटवून पाण्याच्या टाकीवर ठेवली. जुना लॅपटॉप. डोंगल कच्च्या आकड्यांच्या सेकंदाला वीस लाख जोड्या पाठवतो. एक मिनिट नोंदवलं तर २४० मेगाबाइटची फाइल होते.

पहिले दोन दिवस एकही उपग्रह सापडला नाही. अँटेना बदलली, केबल बदलली. मग सॉफ्टवेअरमधला शोधाचा भाग उघडून बघितला, तर प्रोग्रॅम पट्टी दहा हजार हर्ट्झच्या आतबाहेर शोधत होता. डोंगलमधला स्वस्त स्फटिक उन्हात तापून दहा लाखामागे तीस कंपनांनी चुकत होता. १५७५ मेगाहर्ट्झवर ही चूक ४७ हजार हर्ट्झ होते. पोरगं रंकाळ्यावर हरवलेलं आणि आम्ही पंचगंगेच्या घाटावर हाका मारत होतो. ती चूक सेटिंगच्या फाइलमध्ये भरली, डोंगल सावलीत आणला, आणि पडद्यावर एकामागून एक उपग्रहांचे क्रमांक उमटू लागले. पाच झाले. अर्ध्या मिनिटानं खाली ओळ आली: अक्षांश १६.७, रेखांश ७४.२, त्यापुढं दशांशांची रांग.

बंद चिप असती तर "संकेत नाही" एवढीच पाटी दिसली असती. शोध कुठं चाललाय हे विचारायची सोय नसती.

ओपन सोर्स म्हणजे नेमकं काय उघडं?

शिवाजी उद्यमनगरात वाढलेल्या माणसाला हे समजावायला फार शब्द लागू नयेत. इंजिन बिघडलं तर हेड उघडायचं, पिस्टन बघायचा, रिंग बदलायची, हवा तर स्वतः खराद मारून नवा भाग करायचा. कोल्हापूरच्या कारागिरीची सगळी मदार या उघडण्यावर आहे. सील लावून बंद केलेलं आणि उघडलं तर गुन्हा असं इंजिन इथं कुणी घेतलं नसतं.

सॉफ्टवेअरचं हेड म्हणजे त्याचा सोर्स कोड: माणसाला वाचता येईल अशा भाषेत लिहिलेल्या सूचना. तो वाचायला, वापरायला, बदलायला आणि वाटायला परवाना देऊन खुला ठेवला की ते ओपन सोर्स. परवान्यांतही फरक असतात. काही म्हणतात, बदल करून पुढं द्याल तर तुमचा बदलही उघडा द्या. काही तेवढी अट घालत नाहीत.

या विषयातली तीन नावं सांगतो. बार्सिलोनाजवळच्या सीटीटीसी या दूरसंचार संशोधन संस्थेत वाढलेला जीएनएसएस-एसडीआर हा पूर्ण सॉफ्टवेअर रिसीव्हर आहे. कच्च्या लहरींपासून जागेपर्यंतची सगळी साखळी त्यात आहे आणि त्याचा परवाना पहिल्या प्रकारचा आहे. जपानच्या तोमोजी ताकासु यांनी लिहिलेलं आरटीकेलिब हे त्यापुढचं काम करतं: रिसीव्हरनं मोजलेल्या अंतरांवरून सेंटिमीटरपर्यंतची जागा काढणं. तिसरा जीपीएसडी, रिसीव्हरकडून आलेली माहिती कॉम्प्युटरमधल्या इतर प्रोग्रॅमना वाटून देणारा मधला माणूस.

असं सॉफ्टवेअर घडवणं हे फाउंड्रीच्या कामापेक्षा एका बाबतीत सोपं आहे. शिरोलीच्या भट्टीतला एकदा ओतलेला रस पुन्हा ओतता येत नाही. कास्टिंगमध्ये पोकळी राहिली तर नक्की काय चुकलं याचा अंदाजच बांधायचा. आकाशातला संकेत मात्र एकदा फाइलमध्ये नोंदवला की तीच सकाळ, तेच उपग्रह, तीच खरखर शंभर वेळा चालवता येते. कुणी कोडमधली एक ओळ बदलली की जुन्या नोंदींवर सगळं पुन्हा चालवून बघायचं: आधी जमत होतं ते अजून जमतंय ना? जगाच्या दुसऱ्या टोकाचा माणूस तीच फाइल घेऊन तेच उत्तर येतं का ते तपासू शकतो.

दीड हाताचा उलगडा

आता बांधाकडं परत. ठेक्यावरून मोजलेल्या अंतरात काही मीटरची चूक राहतेच. ठेक्याची एक थाप जमिनीवर मोजली तर सुमारे २९३ मीटर लांब असते. तिचा शंभरावा भाग ओळखला तरी तीन मीटर. शिवाय वातावरणाच्या वरच्या थरातला विद्युतभारित पट्टा, आयनोस्फिअर, संकेताला उशीर लावतो. मोबाइलला तेवढं चालतं, बांधाला चालत नाही.

रोव्हर म्हणून दोन जास्तीच्या गोष्टी करतो. एक, जवळच्या ठाऊक जागेवर दुसरा रिसीव्हर ठेवतो. त्याला बेस म्हणतात. दोघांच्या डोक्यावरचं आकाश जवळपास एकच, म्हणून दोघांच्या चुकाही सारख्याच. वजाबाकी केली की बहुतेक चूक निघून जाते. दोन, तो ठेक्याऐवजी खालची मूळ लहरच मोजतो. तिची लांबी १९ सेंटिमीटर. अशी दोरी समजा जिच्यावर दर १९ सेंटिमीटरला गाठ आहे. शेवटच्या गाठीपासूनचं अंतर रोव्हर मिलिमीटरपर्यंत वाचतो, पण एकूण गाठी किती झाल्या हे त्याला माहीत नसतं. ती संख्या हिशोबानं ओळखावी लागते. ओळखली असं वाटलं की पडद्यावर "फिक्स" येतं. नाही तर "फ्लोट", म्हणजे गाठींची संख्या अजून तरंगती आहे.

आणि सगळी मेख इथं आहे. ओळखली असं कुणाला वाटलं? सॉफ्टवेअरला. ते गाठींच्या निरनिराळ्या संख्या लावून बघतं, सगळ्यात चांगली जमणारी संख्या आणि दुसऱ्या क्रमांकाची संख्या शेजारी ठेवतं आणि विचारतं: पहिली दुसरीपेक्षा किती पट बरी? आरटीकेलिबमध्ये मुळात भरलेलं उत्तर आहे तीन. तिप्पट बरी असेल तर फिक्स म्हणायचं. हा तीन निसर्गानं दिलेला नाही. अनुभवावरून माणसानं ठरवलेली ती मर्यादा आहे आणि कोडमध्ये कुणालाही दिसते, बदलता येते. बंद यंत्रात ती किती आहे, दोन की तीन की आणखी काही, हे शेतकऱ्याला सोडाच, बहुतेक मोजणीवाल्यांनाही ठाऊक नसतं.

आमच्या दोन मोजणीवाल्यांपैकी पहिल्याकडं कच्ची नोंद शिल्लक होती. बेसचीही आणि रोव्हरचीही. मागितल्यावर त्यानं आढेवेढे न घेता दिली. ती आरटीकेलिबमध्ये घातली. दगडाच्या पश्चिमेला आंब्याचा घेर, बाकी बाजूंना पुरुषभर वाढलेला ऊस. पश्चिमेकडच्या उपग्रहांचे संकेत सारखे तुटत होते, पानांतून गाळून येत होते. आलेखावर हिरवे ठिपके म्हणजे फिक्स, पिवळे म्हणजे फ्लोट. आमचा आलेख हळदीच्या रानासारखा पिवळा. मधे एके ठिकाणी सहाच उपग्रहांवर थोडे हिरवे ठिपके होते आणि पहिल्या मोजणीचा आकडा नेमका त्यांचाच होता. मर्यादा थोडी कडक केली तर तेही पिवळे झाले. हिशोब बिनचूक होता, फक्त त्याच्यामागचा पुरावा कच्चा होता.

दुसऱ्या मोजणीची कच्ची नोंद नाही, त्यामुळं ती बरोबर की चूक हे आता कुणालाच सांगता येणार नाही. मला याचं वाईट वाटतं. जमिनीच्या नकाशाची "क" प्रत हातात देताना सोबत बेस आणि रोव्हरची कच्ची नोंदही द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. ही नोंद ठेवण्याचा एक सर्वमान्य, उघडा नमुना जगात रूढ आहे, बहुतेक कंपन्यांच्या यंत्रांतून तो काढता येतो, आणि पेन ड्राइव्हच्या कोपऱ्यात मावतो.

सगळं उघडं केलं तर चोराच्या हाती किल्ली नाही का?

हा आक्षेप मला हमखास ऐकायला मिळतो. कुलूप कसं चालतं हे गावातल्या प्रत्येक कुलूपवाल्याला माहीत असतं. म्हणून तुमचं घर उघडं पडत नाही, कारण किल्ली तुमच्याकडं असते. गुप्तलेखनाचे अभ्यासक ऑगस्ट केरखॉफ्स यांनी १८८३ सालीच हे मांडलं: गुप्तता किल्लीत असावी, यंत्राच्या रचनेत नको. लष्करी संकेत सुरक्षित राहतात ते किल्लीमुळं. नागरी संकेताची रचना तर संबंधित देशांनीच जाहीर केलेली आहे, नाहीतर कुठल्याच कंपनीला रिसीव्हर बनवता आला नसता.

खोटे संकेत सोडणाऱ्याला यातून काही शिकता येतं हे खरं. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याला उघड्या कोडची वाट बघावी लागत नाही, तपासणाऱ्याला मात्र उघडं कोडच लागतं. एकच ठेका दोन ठिकाणी जुळतोय का, संकेत अचानक जास्तच जोरदार झाला का, घड्याळाचा पासंग एकाएकी उडी मारतोय का, हे सगळं रिसीव्हरच्या आत दिसतं. बंद यंत्र फक्त शेवटचा आकडा दाखवतं, आणि चकवणाऱ्याला तेच हवं असतं. युरोपच्या गॅलिलिओ या जीपीएससारख्या योजनेनं जुलै २०२५ पासून आपल्या नागरी मजकुराखाली एक प्रकारची सही करायला सुरुवात केली आहे. ती तपासायची रीतही जाहीर आहे. आणि हे नीट लक्षात ठेवा: ऐकणं वेगळं, बोलणं वेगळं. या लहरींवर परवान्याशिवाय काहीही प्रक्षेपित करणं गुन्हा आहे. गच्चीवरच्या हौसेपायी एखाद्या विमानाची वाट चुकवू नका.

फुकटच्या सॉफ्टवेअरची जबाबदारी कुणाची?

कागदोपत्री कुणाचीच नाही. परवान्यातच हमी नाही असं लिहिलेलं असतं. विमानात किंवा रुग्णवाहिकेत बसवायच्या यंत्राला तपासणी आणि प्रमाणपत्रं लागतात, ती वेगळी गोष्ट. पण चूक निघाल्यावर काय होतं, ते दोन उदाहरणांत बघा.

जीपीएस आपला आठवडा ० ते १०२३ असा मोजतो, मग पुन्हा शून्य. ६ एप्रिल २०१९ च्या रात्री असा फेरा पूर्ण झाला. ज्यांच्या आतल्या सॉफ्टवेअरनं हे धरलं नव्हतं ती यंत्रं वीस वर्षं मागं गेली. कंपनी चालू असेल तर तिनं नवी आवृत्ती दिली. कंपनीच उरली नसेल, तर चांगलं चालतं यंत्र भंगारात.

दुसरं उदाहरण उघड्या बाजूचं आहे आणि फारसं कौतुकाचं नाही. जीपीएसडीच्या काही आवृत्त्यांत याच आठवड्यांच्या हिशोबाची चूक शिरली होती: २४ ऑक्टोबर २०२१ आला की तारीख १०२४ आठवडे मागं, मार्च २००२ मध्ये जाणार होती. म्हणजे उघड्या कोडमध्येही ढोबळ चूक राहू शकते, अनेकांच्या नजरेतून सुटू शकते. फरक पुढं पडला. वापरणाऱ्यानं चूक आधीच हेरली, चर्चा चव्हाट्यावर झाली, दुरुस्त आवृत्ती ऑगस्टमध्येच आली आणि अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेनं लोकांना वेळेत सावध केलं. पुढचा फेरा नोव्हेंबर २०३८ मध्ये आहे. आज शेतात, मोरीवर, धरणाच्या भिंतीवर बसवलेली काही यंत्रं तेव्हाही चालू असतील.

मोबाइलमधली चिप असताना ही उठाठेव कशाला?

रोज रस्ता शोधायला चिपच बरी. ती नखाएवढी असते, बॅटरी जपते. सॉफ्टवेअर रिसीव्हर लॅपटॉपचा पंखा गरगरा फिरवतो. त्याची जागा शिकण्यात, तपासण्यात आणि नव्या संकेतांत आहे.

आपलाच नाविक घ्या. भारताची ही जीपीएससारखी सात उपग्रहांची योजना, पहिला उपग्रह १ जुलै २०१३ ला गेला. वाटेत घड्याळं बंद पडणं, एकदा उष्णकवच न उघडणं, अशी संकटं आली. २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ वर भारतीय बनावटीचं अणुघड्याळ होतं आणि मोबाइलवाल्या १५७५ मेगाहर्ट्झच्या पट्टीवर नवा संकेतही. जानेवारी २०२५ मधला एनव्हीएस-०२ ठरलेल्या कक्षेत पोहोचू शकला नाही. नवा संकेत आला की जुन्या चिपला तो शिकवता येत नाही. सॉफ्टवेअरला येतो, आणि इस्रोनं नागरी संकेताची रचना प्रसिद्ध केलेली आहे. नाविकचा ११७६.४५ मेगाहर्ट्झवरचा ठेका १०२३ थापांचाच आहे, स्वस्त डोंगलच्या आवाक्यातला. दुसरा, २४९२ मेगाहर्ट्झचा, मात्र त्याला झेपत नाही. इथल्या अभियांत्रिकी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना यापेक्षा भरीव प्रोजेक्ट मला सुचत नाही.

शिवाय आपलं आकाश वेगळं आहे. हे प्रोग्रॅम स्पेनच्या, जपानच्या आकाशाखाली घडले. विषुववृत्ताच्या अलीकडपलीकडच्या पट्ट्यात दिवेलागणीनंतर आयनोस्फिअर खवळतो. मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जास्तच. संकेत पाण्यातल्या दिव्याच्या प्रतिबिंबासारखा लुकलुकतो आणि रिसीव्हरचा ठेका सुटतो. आमच्या गच्चीवरून संध्याकाळी साडेसात ते दहा नोंदवलेली फाइल म्हणूनच बार्सिलोनातल्या माणसाला उपयोगाची आहे. ती त्याला तिथं बसून मिळणारच नाही. कोड लिहिता आलाच पाहिजे असं नाही. चांगली नोंद, नीट लिहिलेली तक्रार, मराठीतून एक वापरायची माहिती, हेही या कामात धरलं जातं.

आता आमच्याकडचा ऊस कारखान्याला गेलाय, रान मोकळं आहे. येत्या रविवारी दोन्ही घरांनी मिळून तिसरी मोजणी ठरवली आहे. दगड आंब्याखाली आहे तो आहेच, म्हणून मोकळ्या रानात दोन खुणा घ्यायच्या, तिथं रोव्हर अर्धा अर्धा तास उभा करायचा आणि तिथून फीत लावून दगड गाठायचा, असं ठरलंय. नोंद दोन्ही घरांच्या पेन ड्राइव्हवर जाईल. काकांनी परवा फोनवर मला एकच विचारून घेतलं, "फिक्स म्हणालं की लगेच लिवायचं न्हाई, किती पट ते इचारायचं, बरोबर?"